क्वाइफ एटीबी, प्लेटवाला एलएसडी की स्पूल: फ्रंट व्हील ड्राइव्ह ड्रॅग गाडीत नेमकं काय टाकावं

डिफ म्हणजे डिफरेन्शिअल, इंजिनचा टॉर्क (फिरवणारा जोर) दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच. साधा असतो तो ओपन डिफ, आणि एका चाकाच्या घसरण्याला आवर घालतो तो एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफ. निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना सगळं वाचत बसायला नको. गाडी आठवडाभर ऑफिसला जाते आणि शनिवारी ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ पाव मैलाच्या शर्यतीच्या पट्टीवर) पळते अशी असेल तर हेलिकल (तिरक्या दातांच्या गिअरचा) एलएसडी घ्या. माझ्याकडे क्वाइफ कंपनीचा एटीबी हा हेलिकल आहे आणि उद्या दुसरा गिअरबॉक्स बांधायला घेतला तरी त्यात हाच टाकणार. गाडी ट्रेलरवर येत असेल, पुढं पूर्ण स्लिक (नक्षी नसलेले रेसिंग टायर) असतील, टर्बो मोठा असेल आणि रस्त्यावर चालवायचीच नसेल तर क्लचप्लेटवाला बघा, त्याच्याही पुढं गेलात तर स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना पक्की जखडणारा. आणि ओपन डिफवर टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) वाढवत बसू नका, ती पॉवर नुसती एका टायरच्या धुरात जाते.

माझी गाडी म्हणजे १९९५ ची सिव्हिक हॅचबॅक, तिच्यात इंटेग्रा जीएसआरचं १.८ लिटर बी१८सी१ इंजिन, त्यावर मध्यम साइझचा टर्बो, आणि गिअरबॉक्सपण जीएसआरचाच. आता गोम इथंच आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत इंटेग्रा टाइप आर आली तिला होंडानं कंपनीतूनच हेलिकल एलएसडी दिला होता, जीएसआरला मात्र ओपन डिफ. त्यामुळं टाइप आरचे ओरिजिनल गिअरबॉक्स सोन्याच्या भावानं विकले जातात आणि बाकीच्यांनी आफ्टरमार्केट डिफ घेऊन जीएसआरच्या बॉक्समध्ये बसवायचा. मी न्यू जर्सीत राहतो, पूर्वी इंग्लिशटाउनचं रेसवे पार्क होतं, इम्पोर्ट गाड्यांचं पंढरपूरच ते, २०१८ च्या सुरुवातीला तिथली ड्रॅग रेसिंग बंद झाली, मग २०२३ मध्ये अॅटको पण गेलं. आता ग्रेट मेडोजचं आयलंड ड्रॅगवे, नाहीतर पेनसिल्व्हेनियात मेपल ग्रोव्ह, नाहीतर खाली मेरीलँडमध्ये सेसिल काउंटी. प्रत्येक ठिकाणची पकड वेगळी, त्याच ठिकाणी सकाळची वेगळी आणि रात्रीची वेगळी, आणि डिफ निवडताना हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत झालंय. लोक हॉर्सपॉवर बघून डिफ घेतात. बघायचं काय, तर तुमच्या पुढच्या दोन टायरच्या ग्रिपमध्ये फरक किती पडतो ते.

हे जरा आकड्यांत सांगतो कारण त्याशिवाय डोक्यात बसत नाही. समजा लाँचच्या, म्हणजे गाडी सुटायच्या, क्षणाला डावं चाक घसरायच्या आधी ४०० न्यूटन मीटर झेलू शकतं आणि उजवं ६००. ओपन डिफ दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतो, म्हणजे डावं ४०० ला सुटलं की उजव्यालाही ४०० च मिळणार, एकूण ८००, उजव्याची उरलेली २०० ची ग्रिप फुकट. हेलिकल डिफ जास्त ग्रिपवाल्या चाकाला कमीवाल्याच्या काही पट टॉर्क देऊ शकतो, त्याला टॉर्क बायस रेशो म्हणतात, तो साधारण अडीच धरू. मग डाव्याला ४०० असताना उजव्याला १००० पर्यंत द्यायची त्याची तयारी आहे, पण उजवं ६०० च झेलतंय म्हणून ते ६०० घेतं, एकूण १०००. म्हणजे इंजिनला हात न लावता पुढं ढकलणारी ताकद पंचवीस टक्के वाढली. आता समजा डावं चाक घाण जागेवर आलं आणि १०० वर सुटलं. ओपनचे होतात २००, हेलिकलचे १०० अधिक २५०, म्हणजे ३५०. स्पूल म्हणजे नुसता ठोकळा, दोन्ही एक्सल एकमेकांना जखडलेले, त्याचे १०० अधिक ६००, पूर्ण ७००. आणि डावं चाक हवेतच गेलं तर? शून्याच्या अडीच पट शून्यच. तिथं हेलिकल ओपनसारखाच वागतो.

तर सगळा प्रश्न हा की तुमच्या गाडीत, तुमच्या स्ट्रिपवर, ४००-६०० वाली परिस्थिती जास्त वेळ असते का १००-६०० वाली.

फ्रंट व्हील ड्राइव्हची मूळ अडचण सगळ्यांना माहिती आहे, गाडी पुढं झेपावली की वजन मागं जातं आणि आपली ओढणारी चाकं पुढं. हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, व्हीलबेस सिव्हिक हॅचचा २.५७ मीटर, आणि अर्ध्या जीनं (गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणानं) पळाली तर जवळजवळ ९७ किलो पुढून उठून मागं जातात. म्हणून तर आपल्या गाड्यांना मागं कडक स्प्रिंग, पुढं ट्रॅक्शन बार, आणि मोठ्या गाड्यांना मागं लांबलचक व्हीली बार असतात, रिअर व्हील ड्राइव्हवाले व्हीली बार बघून हसतात पण ते आहेत पुढची चाकं जमिनीवर दाबून ठेवायला. पण एक गोष्ट आपल्या बाजूनं आहे. आपलं इंजिन आडवं बसलेलं असतं, त्यामुळं मागच्या सॉलिड एक्सलच्या गाडीत प्रॉपेलर शाफ्टच्या पिळानं एक टायर दबतो आणि दुसरा उचलला जातो तसं आपल्याकडं होत नाही. वजन कमी होतं ते दोन्ही पुढच्या चाकांवरून साधारण सारखंच. मग डाव्या-उजव्यात फरक येतो तो ड्रायव्हरच्या वजनामुळं, टायरच्या हवेमुळं, एक टायर नीट तापला नाही म्हणून, नाहीतर लेनमधल्या रबराच्या पट्ट्यावरून एक चाक बाहेर गेलं म्हणून. चांगल्या प्रेप केलेल्या (पकडीसाठी तयार केलेल्या) स्ट्रिपवर हा फरक मध्यमच असतो. हेलिकल तिथं पुरून उरतो.

आता माझ्या क्वाइफविषयी. कंपनी इंग्लंडची, १९६५ पासूनची, आणि एटीबी म्हणजे ऑटोमॅटिक टॉर्क बायसिंग. फोर्डनं २००२ च्या फोकस आरएसमध्ये आणि नंतर २००९ च्या ३०५ पीएसच्या फोकस आरएसमध्येही कारखान्यातून हाच बसवला होता, दोन्ही गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. आत क्लचच्या प्लेटा नाहीत, नुसते तिरके दात असलेले छोटे गिअर, केसमधल्या खोबणीत बसवलेले. टॉर्क आला की तिरक्या दातांमुळं ते गिअर बाजूला आणि केसवर दाबले जातात, त्या घर्षणानं घसरणारं चाक आवरलं जातं. जास्त टॉर्क तर जास्त दाब. झिजायला खास काही नाही, कंपनी लाइफटाइम वॉरंटी देते, आणि तेल साधं होंडाचं गिअरबॉक्स ऑइल चालतं, त्यात वेगळं काही मिसळावं लागत नाही.

बसवल्यावर पहिला फरक लाँचच्याही आधी जाणवला, बर्नआउट बॉक्समध्ये. ओपन डिफवर हँडब्रेक ओढून पाण्यात टायर फिरवले की एकच चाक फिरायचं, तेच तापायचं, दुसरा टायर थंडच्या थंड, आणि मग लाइटपाशी गेल्यावर थंड टायर आधी सुटणार हे ठरलेलंच. आता दोन्ही सारखे फिरतात, दोन्हीतून धूर, दोन्ही चिकट होतात. ही गोष्ट कुठल्या ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत पण माझ्या मते फायद्यातला मोठा वाटा हाच आहे. त्यानंतर ६० फुटाचा टाइम, म्हणजे पहिले ६० फूट कापायला लागलेला वेळ. तोच टायर, तीच हवा, तोच बूस्ट ठेवून टाइमस्लिपवर (रनच्या वेळांच्या पावतीवर) ६० फुटाला स्पष्ट, ढळढळीत फरक दिसला, आणि ६० फुटात वाचलेला दशांश क्वार्टर माइलच्या शेवटी दीडपट-दुपटीनं परत मिळतो हे ड्रॅगवाल्या कुणालाही विचारा. शिवाय एक रन चांगला आणि पुढचा घाण असं होणं कमी झालं, स्लिपा एकमेकींच्या जवळ यायला लागल्या. ब्रॅकेट रेसिंग (आधी सांगितलेल्या टाइमच्या जवळात जवळ पळण्याची शर्यत) करणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना पूर्वी गाडीचं नाक कुठंही जायचं, आता सरळ जातं, पण स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायला लागतं. हे नीट समजून घ्या. एलएसडी टॉर्क स्टिअर (जोर दिला की स्टिअरिंग एका बाजूला ओढलं जाणं) घालवत नाही, उलट जास्त ग्रिपवाल्या चाकाला जास्त टॉर्क देतो म्हणून स्टिअरिंगला झटका जास्त येतो. टायरची हवा डावी-उजवी थोडी जरी वेगळी असली तरी हाताला कळतं. खिळखिळे बॉल जॉइंट, जुने बुश असतील तर आधी ते बदला, नाहीतर डिफला शिव्या घालत बसाल. रस्त्यावर मात्र एकदम शांत, पार्किंगमध्ये वळताना कटकट नाही, पावसात भीती नाही, बायको गाडी घेऊन दुकानात जाऊन आली तिला काही वेगळं जाणवलं पण नाही.

कमी कुठं पडतो तेही सांगतो. उन्हाळ्यातल्या स्ट्रीट नाइटला लेनमध्ये प्रेप कमी असते, एखाद्या गाडीचं थेंबभर तेल सांडलेलं असतं, तिथं एक चाक सुटलं की हेलिकलची धाव संपते, वरच्या हिशोबातली १०० वाली केस. खड्ड्यावरून किंवा काँक्रीट संपून डांबर सुरू होतं त्या सांध्यावरून गाडी उडाली तरी तेच, क्षणभर का होईना एक चाक हलकं होतं, इंजिन बोंबलतं. यावरच उपाय म्हणून वेव्हट्रॅक नावाचा हेलिकल येतो, त्यात मधोमध लाटेसारख्या आकाराचे दोन भाग असतात, एका चाकावरचा भार गेला आणि दोन बाजू वेगवेगळ्या वेगानं फिरायला लागल्या की लाटेवर लाट चढते आणि आतून दाब तयार होतो, म्हणजे शून्यापाशी पण थोडं लॉकिंग मिळतं. ओळखीतल्या एकाच्या गोल्फमध्ये आहे, मी ती गाडी चालवली, खराब लेनमध्ये माझ्यापेक्षा बरी पळते हे मान्य. मला दोन्ही एकाच किमतीत, एकाच गिअरबॉक्ससाठी मिळत असते आणि माझी स्ट्रिप कायम खडबडीत असती तर मी वेव्हट्रॅककडं गेलो असतो.

प्लेटवाला एलएसडी हा वेगळाच प्राणी. काझ, कुस्को, ओएस गिकेन ही जपानी नावं होंडावाल्यांच्या तोंडी असतात. आत क्लचप्लेटांचा गठ्ठा, मधल्या शाफ्टभोवतीच्या रिंगांना तिरके रॅम्प (उतार), टॉर्क आला की त्या रिंगा फाकतात आणि प्लेटा दाबतात. शिवाय स्प्रिंगनं आधीपासून थोडा दाब ठेवलेला असतो, त्याला प्रीलोड म्हणतात, त्यामुळं एक चाक हलकं झालं तरी सुरुवात शून्यातून होत नाही. रॅम्पचा कोन, प्लेटांची संख्या, प्रीलोड, सगळं बदलता येतं, गाडीला हवं तसं शिवून घेता येतं. मोठ्या टर्बोच्या, पूर्ण स्लिकवरच्या गाडीला हा हेलिकलपेक्षा सरस, यात मला शंका नाही. मित्राच्या इंटेग्रात आहे, लाँचला दोन्ही काळे पट्टे शेवटपर्यंत सारख्या जाडीचे उमटतात, बघून समाधान वाटतं.

पण किंमत मोजावी लागते आणि ती फक्त पैशातली नाही. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये डिफ आणि गिअरबॉक्स एकाच तेलात आंघोळ करतात, म्हणजे प्लेटांची झीज होऊन जी बारीक भुकटी निघते ती तुमच्या सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) आणि बेअरिंगमधून फिरते. प्लेटांना जे तेल मानवतं ते सिंक्रोंना मानवेलच असं नाही. त्यामुळं तेल सारखं बदला, मॅग्नेटवाला ड्रेन प्लग टाका, आणि काही काळानं बॉक्स उघडून प्लेटा बदलायची तयारी ठेवा. कमी वेगात वळताना कडकड आवाज येतो तो नॉर्मल आहे पण रोज ऐकायला नको वाटतो. आणि वन-वे, दीड-वे, टू-वे यातला फरक विचारून घ्या. टू-वे अॅक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढाच लॉक होतो (वन-वे फक्त दाबल्यावर, दीड-वे सोडल्यावर थोडाच), क्वार्टर माइल संपल्यावर ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पाय उचलल्यावर पुढची चाकं एकमेकांना जखडलेली मला तरी नकोत, तिथं स्टिअरिंग मोकळं पाहिजे. फ्रंट व्हील ड्राइव्हला वन-वे नाहीतर दीड-वे.

स्पूलबद्दल थोडक्यात. ट्यूब चॅसिसवाल्या, सात-आठ सेकंदवाल्या गाड्यांचं जग वेगळं आहे, तिथं स्पूल चालतो कारण गाडी सरळच जायची असते आणि बाकी सगळं त्या हिशोबानं बांधलेलं असतं. तुमच्या गाडीत टाकलात तर पिटमध्ये गाडी वळवताना टायर ओरडतात, रिटर्न रोडला स्टिअरिंग लाकडासारखं, दोन स्लिकचा घेर थोडा जरी कमीजास्त असला तरी गाडी कायम एका बाजूला ओढते, आणि एक टायर सुटला की इंजिनचा सगळाच्या सगळा टॉर्क एकाच एक्सलवर जातो. तो तुटतो. मोठे एक्सल नसतील तर स्पूलचा विचारच करू नका. आणि ओपन डिफ वेल्डिंग करून स्वस्तातला स्पूल बनवणं तर नाहीच नाही, ते कडक पोलादाचे गिअर, वेल्ड तडकला की तुकडा क्राउन व्हीलच्या (डिफवर बसणाऱ्या मोठ्या गिअरच्या) दातात जातो आणि गिअरबॉक्सचं केस फोडूनच बाहेर येतो. दोनशे-तीनशे डॉलर वाचवायला कुणी हे करत असेल तर त्याला हात धरून थांबवा.

बसवण्याच्या कामावर लोक बोलत नाहीत आणि तिथंच पैसा आणि डोकं जातं. हेलिकल साधारण हजार डॉलरच्या आगेमागे मिळतो, पण गिअरबॉक्स उतरवायचा, पूर्ण उघडायचा, नवी बेअरिंग प्रेसनं दाबायची, क्राउन व्हील जुन्या डिफवरून नव्यावर आणायचं. होंडाच्या क्राउन व्हीलचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात, हे माहीत नसलेला माणूस पाना लावून जोर काढत बसतो आणि बोल्टचं डोकं तोडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिफची बाजूची ढिलाई शिमनं (ठरावीक जाडीच्या पातळ चकतीनं) मोजून लावायला लागते. एका मित्रानं एका दुकानात काम करून घेतलं, त्यांनी जुनाच शिम न मोजता परत टाकला, काही आठवड्यांत बेअरिंगचा आवाज सुरू झाला आणि सगळं परत उघडायला लागलं. काम देताना सरळ विचारा की शिम मोजणार का आणि किती आला ते लिहून देणार का. जो लिहून देतो त्याच्याकडं जा, दोनशे डॉलर जास्त घेतले तरी. आणि बॉक्स उघडलाच आहे तर सील आणि सिंक्रो पण बघून घ्या.

एक्सलचं पण बजेट धरा. ओपन डिफ असताना घसरणारं चाक फ्यूजचं काम करत असतं, टॉर्क हवेत उडून जातो म्हणून एक्सल वाचतात. एलएसडी आला की तो टॉर्क खरंच जमिनीवर जातो आणि वाटेत एक्सल असतो. ड्रॅग रेडिअलपर्यंत (रस्त्यावरही चालणाऱ्या चिकट टायरपर्यंत) चांगल्या कंडिशनमधले ओरिजिनल एक्सल मध्यम पॉवरला माझ्याकडं टिकलेत, स्लिक लावायचे असतील तर ड्राइव्हशाफ्ट शॉप नावाच्या कंपनीसारख्यांचे मोठे एक्सल घ्या. स्टिअरिंग वळलेलं ठेवून लाँच कधीच करू नका, सीव्ही जॉइंट (एक्सलचा वळणारा सांधा) तिथंच जातो.

पिंपरीतला मावसभाऊ विचारतो की दादा, अँबी व्हॅलीच्या व्हॅली रनला, म्हणजे तिथल्या धावपट्टीवरच्या ड्रॅग स्पर्धेला, पोलो नाहीतर ऑक्टाव्हिया घेऊन जायचंय, एलएसडी टाकू का. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. फोक्सवॅगन-स्कोडामध्ये जे एक्सडीएस येतं ते एलएसडी नाही, ते घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडं टॉर्क वळवतं, म्हणजे इंजिननं कमावलेली पॉवर ब्रेकपॅड खातात. वळणावर मस्त, सरळ लाँचला त्याचा जोर अपुरा. डिफ ऑर्डर करायच्या आधी गिअरबॉक्सचा कोड बघून घ्यायचा, मॉडेलच्या नावावर जायचं नाही, कारण पोलो जीटी टीएसआयचा सात स्पीड डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) वेगळा, मॅन्युअल वेगळा आणि ऑक्टाव्हियाचा सहा स्पीड वेट क्लचवाला तिसराच, एकाचा डिफ दुसऱ्यात बसत नाही. बाहेरून मागवला तर कस्टम ड्युटी धरून हिशोब करायचा. आणि पोलो स्टेज वनच्या (नुसत्या कॉम्प्युटर ट्यूनच्या) पुढं गेलेली नसेल तर त्या पैशात आधी चांगले टायर, इंजिन माउंट आणि हवेचा प्रेशर गेज, कारण डावा आणि उजवा टायर सारखा नसेल तर महागातला डिफ पण अर्धाच उपयोगी पडतो. विमानाच्या धावपट्टीवर रबराचा थर कायमच्या स्ट्रिपसारखा नसतो, तिथं दोन्ही टायर कमीच पकडतात पण साधारण सारखंच पकडतात, म्हणजे पुढंमागं टाकायचाच झाला तर त्याच्याही गाडीला हेलिकलच.

माझ्या बॉक्समधलं तेल दर सीझनच्या सुरुवातीला बदलतो, ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर अजून राखाडी लेपाशिवाय काही आलेलं नाही. पुढच्या सीझनला पुढं पूर्ण स्लिक लावायचा विचार आहे, डिफ तोच राहणार, एक्सल आणि इंजिन माउंट तेवढे बदलणार.